बुधवारचा क्लास

प्रसूतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर, कॉरिडॉरच्या अगदी टोकाला, पूर्वी जुन्या गाद्या ठेवायची एक खोली होती. एकोणीस वर्षांपूर्वी तिथल्या गाद्या हलवून, भिंतींना रंग देऊन एका बाईंनी तिथे क्लास सुरू केला. बाळंतपणाची तयारी कशी करायची, हे होणाऱ्या आईबापांना शिकवायचा क्लास. शनिवारी सकाळी दहा ते बारा, सहा आठवडे. पहिल्या दिवशी दोन बायका आल्या आणि एक नवरा. तोही बायकोला सोडून सटकणार होता. बाईंनी त्याला दारातून मागे बोलावलं आणि चटईवर बसवलं.

बाई त्याआधी खालच्या मजल्यावर प्रसूतीच्या खोलीत नर्स होत्या. दात आवळून, श्वास कोंडून, पलंगाची कड धरून बसलेल्या बायका त्यांनी शेकड्याने पाहिल्या होत्या. ‘हे आधी कुणी सांगितलं असतं तर’ हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकलं, की शेवटी आपणच सांगायला लागावं असं त्यांनी ठरवलं. पुस्तकं वाचली, दोन ठिकाणी जाऊन शिकून आल्या, आणि उरलेलं स्वतः घडवलं. त्यांनी लोकरीची एक पिशवी विणली होती, तोंडाशी घट्ट. आत चेंडू घालून वरून दाबला की पिशवीचं तोंड हळूहळू पसरायचं. गर्भाशयाचं तोंड कसं उघडतं, हे जे चित्र काढून कुणाला कळलं नसतं, ते त्या पिशवीने दोन मिनिटांत कळायचं. मग त्या सगळ्यांच्या हातात बर्फाचा खडा द्यायच्या, नवऱ्यांच्यासुद्धा, आणि घड्याळ लावायच्या.

“कळ साधारण एवढीच असते, मिनिटभर,” त्या सांगायच्या. “मिनिटभर माणूस काहीही सोसतो. फक्त पुढच्या मिनिटाची काळजी आत्ता करायची नाही.”

आणि नवऱ्यांकडे वळून म्हणायच्या, “तुम्ही त्या दिवशी फोटो काढायला नाही आहात. पाठ चोळायला आहात.”

लोक हसायचे, घाबरायचे, शिकायचे. रस्त्यात, दुकानात, बसच्या रांगेत कुणीतरी मूल पुढे करून म्हणायचं, “बाई, हा तुमच्या क्लासचा.” बाईंना ते आवडायचं. फार आवडायचं.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या क्लासला एक मुलगी आली. सातवा महिना, आणि क्लासमधली सगळ्यात घाबरट. बर्फ हातात घेतला की दहा सेकंदांत टाकून द्यायची. बाई तिच्या मागे लागल्या आणि सहा आठवड्यांत तिला पूर्ण मिनिटभर धरायला लावला. तिला मुलगी झाली. मुलगी वर्षाची झाल्यावर ती परत आली आणि म्हणाली, “बाई, मला तुमच्या हाताखाली घ्या. काहीही करीन. चटया घालीन.”

बाईंनी घेतलं. दोन वर्षं ती चटया घालत होती, बाहुल्यांची दुपटी धूत होती, आणि सगळं टिपून घेत होती. बाईंनी तिला हातचं काही राखलं नाही. लोकरीची दुसरी पिशवीसुद्धा त्यांनीच तिला विणून दिली. प्रसूतिगृहात तिला सगळे धाकट्या बाई म्हणायला लागले, आणि मग आपोआप बाई झाल्या मोठ्या बाई. खरं तर तिथेच कुठेतरी पहिला काटा टोचला होता. इतकी वर्षं नुसत्या ‘बाई’ असलेल्या माणसाला एकाएकी कुणाच्या तरी शेजारी उभं करून मोजल्यासारखं वाटतं.

गेल्या वर्षी प्रसूतिगृह चालवणाऱ्या डॉक्टर मॅडमनी धाकट्या बाईंना स्वतंत्र क्लास दिला, बुधवारी संध्याकाळी, नोकरी करणाऱ्यांच्या सोयीचा. आधी चार जोडपी होती. मग सात झाली. मग अकरा, आणि पुढच्या तुकडीसाठी नावं लिहून ठेवायची वेळ आली. शनिवारी मात्र पाच.

मोठ्या बाईंना बुधवारी प्रसूतिगृहात काही काम नसायचं. तरी त्या यायला लागल्या. कधी कपाट आवरायला, कधी कागद शोधायला. दारासमोर काढलेल्या चपलाबुटांचे जोड त्यांचे डोळे न सांगता मोजायचे. आतून हसणं ऐकू यायचं. आपल्या क्लासमध्येही लोक हसतात, पण असं, एकमेकांच्या अंगावर पडून हसत नाहीत, असं त्यांच्या मनात यायचं. मग त्या पाण्याची बाटली भरायला नळावर जायच्या. एका संध्याकाळी तीनदा गेल्या. नळ क्लासच्या दाराशेजारी होता.

घरी त्यांची बडबड चालायची. “एवढं हसवतात का कुणी? बाळंतपण म्हणजे काय सहल आहे?”

त्यांचा नवरा जन्मभर नकाशे काढायच्या कचेरीत होता आणि आता निवृत्त होऊन शब्दकोडी सोडवायचा. तो मान वर न करता म्हणाला, “पोटात दुखायला लागल्यावर काय करायचं, ते तू जगाला शिकवतेस. आणि तुझ्या पोटात दुखतंय, त्याचं काय?”

“अहो, मला मेलीला कशाला दुखेल?”

“श्वास घे,” तो म्हणाला. “लांब. नाकाने.”

बाईंनी दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला.

याच सुमाराला त्यांच्या लेकीला दिवस गेले. एकुलती एक लेक, बँकेत नोकरीला, त्याच शहरात दुसऱ्या टोकाला राहणारी. बाई हरखून गेल्या. लेक सहाव्या महिन्यात असतानाच त्यांनी शनिवारच्या क्लासमध्ये खिडकीजवळची चटई मनातल्या मनात तिच्यासाठी राखून ठेवली. वारा येतो तिथे. सातवा लागल्यावर लेकीचा फोन आला.

“आई, आम्ही क्लासला नाव घातलं बरं का.”

“मला सांगायचं ना! मीच लिहिलं असतं. या शनिवारपासून येताय?”

लेक म्हणाली, “शनिवारी नाही गं. बुधवारच्या. ह्याला शनिवारी कामावर जावं लागतं ना.”

“बरं,” बाई म्हणाल्या. “बरं झालं. सोयीचं आहे ते.” आणि फोन ठेवून त्यांनी स्वच्छ घासलेली कढई परत घासायला घेतली.

जावई महिन्यातून एखादाच शनिवार कामाला जातो, हे त्यांना माहीत होतं.

चौथ्या बुधवारी त्या पाण्याची बाटली घेऊन नळावर गेल्या. क्लासच्या दाराला एक अरुंद उभी काच होती. त्यांनी आत पाहायचं नाही असं ठरवलं होतं, आणि पाहिलं. लेक खिडकीजवळच्या चटईवर नवऱ्याच्या छातीला पाठ टेकून बसली होती आणि रडत होती. ओक्साबोक्शी, लहान मुलासारखं, तोंड लपवायचाही प्रयत्न न करता. धाकट्या बाई तिच्या पायाशी बसून तिची दोन्ही पावलं हातात धरून होत्या. काही बोलत नव्हत्या. बाकीचे सगळे शांत, आपापल्या जागी.

बाईंनी आठवून पाहिलं. लेक त्यांच्यासमोर शेवटची कधी रडली होती? दहा वर्षांची असताना, सायकलवरून पडली तेव्हा. त्यानंतर परीक्षेत नापास झाली, नोकरी गेली, दुसरी मिळाली, एकदा घर सोडून जाते म्हणाली. पण डोळ्यांत पाणी नाही. आणि इथे चार आठवड्यांच्या ओळखीच्या बाईपुढे धबधबा.

बाटली भरून वाहत होती, ते त्यांना बोटं गार पडल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी त्यांना खोलीत बोलावलं. मॅडम वैतागलेल्या होत्या. आदल्या आठवड्यात बुधवारच्या क्लासमधलं एक जोडपं प्रसूतीला आलं होतं. कळा मंदावल्या म्हणून मॅडमनी सलाईनमधून औषध द्यायचं ठरवलं, तर ती दोघं अडून बसली. आधी अर्धा तास द्या, मग आणखी अर्धा, असे दोन तास गेले. बाळ सुखरूप होतं, पण मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“बाई, तुम्ही तिला ओळखता. ती क्लासमध्ये असं काही शिकवते का? डॉक्टरांचं ऐकू नका वगैरे?”

धाकट्या बाई काय शिकवतात, ते मोठ्या बाईंना तोंडपाठ होतं. तो धडा त्यांचाच होता. डॉक्टरांना विचारायचं, काय करणार आहात, कशासाठी करणार आहात, थोडं थांबलं तर चालेल का. आणि मग डॉक्टर सांगतील ते ऐकायचं. एका वाक्यात हे सांगून त्या उठू शकल्या असत्या.

“मी कुणाविषयी काय बोलू, मॅडम,” त्या म्हणाल्या. “पण नव्या माणसाला आपलं काहीतरी वेगळं करून दाखवायचं असतं. माझ्याही कानावर आलंय.”

त्यांच्या कानावर काहीही आलेलं नव्हतं.

मॅडमनी मान हलवली. “तुम्ही म्हणताय म्हणजे झालंच.” त्याच दुपारी बुधवारचा क्लास बंद झाला आणि तिथल्या जोडप्यांना शनिवारी यायला सांगणारे फोन गेले.

संध्याकाळी धाकट्या बाई हजेरीची वही द्यायला आल्या. डोळे सुजलेले होते. “कुणीतरी मॅडमना काहीतरी सांगितलंय, बाई. कोण ते सांगत नाहीत. जाऊ दे. निदान माझी माणसं तुमच्याकडे येतायत, दुसऱ्या कुणाकडे नाही.” मग वही उघडून एका नावावर बोट ठेवलं. “ह्यांचं आधीचं बाळ गेलंय. बाहुली हातात देताना जरा सांभाळून.”

बाईंनी वही घेतली. आपल्याला वाईट वाटलं असं त्यांनी नंतर पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलं, पण त्या वेळी तरी त्यांना आनंद झाला होता. घरी जाताना त्यांनी स्वतःसाठी नव्या चपला घेतल्या.

शनिवारी खोली गच्च भरली. सोळा जोडपी. चटया कमी पडल्या, चार नवरे भिंतीला टेकून उभे राहिले. लेक आणि जावई मागे बसले. बाईंनी लोकरीची पिशवी काढली, चेंडू घातला आणि सुरुवात केली. पाच मिनिटांत त्यांच्या लक्षात आलं, की बुधवारची माणसं त्यांची वाक्यं त्यांच्या आधी ओठांत म्हणतायत.

फरशा बसवायचं काम करणारा एक दांडगा माणूस पुढे बसला होता. तो म्हणाला, “मोठ्या बाई म्हणजे तुम्हीच ना? धाकट्या बाई दर दोन वाक्यांनी म्हणायच्या, ‘हे माझं नाही, मोठ्या बाईंचं आहे.’”

त्याची बायको म्हणाली, “आम्हाला वाटलं, तुम्ही ऐंशी वर्षांच्या तरी असाल!” सगळे हसले.

“आणि डॉक्टरांना तीन प्रश्न विचारायचे, ते काय होते?” बाईंनी विचारलं. विचारल्यावाचून राहवेना.

त्या माणसाने बोटांवर मोजून तिन्ही सांगितले. मग म्हणाला, “आणि मग डॉक्टर सांगतील ते मुकाट्याने ऐकायचं. ह्यावर तर धाकट्या बाईंनी आम्हाला दोनदा दटावलं. गेल्या वेळी कुणीतरी आडमुठेपणा केला म्हणे, त्यावर फार चिडल्या होत्या.”

धाकट्या बाईंनी चोरलं असतं तर बरं झालं असतं. माझं म्हणून मिरवलं असतं, तर रागाला उभं राहायला जागा मिळाली असती. इथे ती जागाही नव्हती, आणि राग तर होताच.

त्यांनी घाईघाईने बर्फ वाटला. घड्याळ लावलं. वीस सेकंदांवर लेकीने खडा खाली ठेवला.

“उचल,” बाई म्हणाल्या. “अजून चाळीस आहेत.”

“नको आई.”

“नको म्हणून कळ थांबते का? उचल.”

लेक भिंतीचा आधार घेत उठली आणि बाहेर गेली. जावई तिच्या मागे जायला निघाला. बाईंनी त्याला हाताने थांबवलं आणि स्वतः गेल्या.

कॉरिडॉरच्या खिडकीशी लेक उभी होती. “म्हणूनच मी तुझ्याकडे नाव घातलं नव्हतं,” ती म्हणाली. “तुझ्यासमोर मला भिताच येत नाही. लहानपणापासून. मी भ्यायले की तुला वाटतं, तुझं शिकवणं कमी पडलं. मग तू आणखी शिकवतेस.”

बाईंनी बर्फाने ओले झालेले हात पदराला पुसले.

“आई, मॅडमना तू सांगितलंस का?”

“काय?”

“तुला माहीत आहे काय.”

आत बाकीची जोडपी हातात बर्फ घेऊन ताटकळत होती. घड्याळाची घंटी वाजली आणि वाजत राहिली. “हो,” बाई म्हणाल्या.

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं. ओरडली असती तर सोपं गेलं असतं. ती फक्त म्हणाली, “मग तूच निस्तर,” आणि नवऱ्याला हाक मारून घरी गेली.

सोमवारी बाई मॅडमच्या खोलीत गेल्या आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. मॅडमनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. “एवढ्या वर्षांत तुमच्या शब्दावर मी एकदाही शंका घेतली नाही, बाई.” त्यांनी समोरचा कागद मिटला. मग म्हणाल्या, “बुधवार परत सुरू होईल. मी तिला फोन करणार नाही. तुम्ही जाऊन सांगायचं. का बंद झाला होता, तेही.”

धाकट्या बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. एका पायात मोजा घातलेल्या छोट्या मुलीने दार उघडलं आणि आत ओरडून सांगितलं, “आई, बाई आल्या!” धाकट्या बाई ओले हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांना पाहून खुलल्या. “बसा ना! चहा टाकते.”

“चहा नको. मॅडमना मी सांगितलं होतं.”

“काय सांगितलं होतं?”

“तू लोकांना डॉक्टरांविरुद्ध शिकवतेस, असं. मला माहीत होतं, ते खोटं आहे.”

धाकट्या बाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. “का?”

बाईंनी वाटेत पुष्कळ उत्तरं तयार केली होती. त्यातलं एकही त्यांनी दिलं नाही. “माझी लेक तुझ्याजवळ रडली,” त्या म्हणाल्या.

मुलगी दुसरा मोजा शोधत पलंगाखाली शिरली होती. तिथून तिची एकटीची बडबड ऐकू येत होती. धाकट्या बाई म्हणाल्या, “मी तुमच्याकडे येणार होते, बाई. माझं शिकवताना काय चुकलं, ते विचारायला. दुसऱ्या कुणाकडे नाही, तुमच्याकडेच.” “बुधवारपासून मी येईन. ती माणसं माझी आहेत. पण आता तुम्ही जा.”

बाई गेल्या. जिन्यात त्यांना रडू आलं, आणि खाली येईपर्यंत थांबलंही.

लेकीला कळा सुरू झाल्या त्या एका मंगळवारी सकाळी. आत नवरा आणि धाकट्या बाई हव्यात, असं तिने आधीच सांगून ठेवलं होतं. मोठ्या बाई आणि त्यांचा नवरा बाहेर बाकावर बसले. ज्या खोलीत बाईंची उमेदीची वर्षं गेली, तिचं दार त्यांच्या नाकासमोर बंद होतं. लेकीच्या आवाजावरून कुठवर आलंय, हे त्यांना बसल्या जागी कळत होतं. आता निम्मं उघडलं. आता ती म्हणेल मला जमणार नाही. ती म्हणालीच. बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या, कडीवर हात ठेवला, आणि परत येऊन बसल्या. नवऱ्याने त्यांना पाकिटातलं बिस्किट दिलं.

दोन कळांच्या मध्ये आतून भलताच आवाज आला. धाकट्या बाई गात होत्या. कसलं तरी जुनं गाणं, इतकं बेसूर की लेक हसत होती, आणि हसता हसता शिव्या देत होती, आणि पुढची कळ आल्यावर मोठ्याने, मोकळ्या गळ्याने ओरडत होती. हे मोठ्या बाईंनी कुणाला शिकवलं नव्हतं. हे कुठल्या वहीत टिपलेलं नव्हतं. हे धाकट्या बाईंचं स्वतःचं होतं, आणि ते आपल्याला या जन्मात जमणार नाही, हे बाईंना बाकावर बसून लख्ख कळलं. त्यांनी नवऱ्याचा हात धरला.

दुपारी दार उघडलं. धाकट्या बाईंचे केस घामाने कपाळाला चिकटले होते. “मुलगा,” त्या म्हणाल्या. “तीन किलोला थोडा कमी. लगेच रडला.”

“टाके?”

“दोनच.”

“रक्तस्राव?”

“बेताचा. मॅडम आहेत आत.” मग दाराकडे बोट करून, “ती तुम्हाला बोलावतेय.” आणि पाळणाघरातून मुलीला घ्यायची वेळ झाली म्हणून त्या घाईने जिना उतरून गेल्या.

लेक उशीला टेकून पडली होती. बाळ तिच्या छातीवर. जावई शेजारी उभा, पांढराफटक आणि हसरा.

“आई, मी फार ओरडले.”

“ऐकलं सगळं.”

“तुला राग आला?”

“राग नाही,” बाई म्हणाल्या. “हेवा वाटला.”

“कुणाचा?”

“आत होते त्या सगळ्यांचा. ह्याचासुद्धा,” त्यांनी जावयाकडे बोट दाखवलं. लेक हसायला लागली, टाके दुखले म्हणून थांबली, आणि बाळ त्यांच्या हातात द्यायला सरकली. बाईंनी त्याचं डोकं तळव्यावर घेतलं. शेकडो बाळं त्यांनी अशी धरली होती, तरी याला घेऊन त्या आधी खुर्चीत बसल्या.

पुढे दोन्ही क्लास चालू राहिले. शनिवारी सहा जोडपी, बुधवारी चौदा. दोघी बाई कॉरिडॉरमध्ये भेटल्या की कामाचं बोलतात. चटया कुठे ठेवल्या, बाहुलीचा हात कुणी तोडला. चहाला धाकट्या बाई अजून विचारत नाहीत. नातू चार महिन्यांचा झाला तेव्हा मॅडमनी मोठ्या बाईंना बोलावलं. जुळी होणार असलेल्या आईबापांसाठी वेगळा क्लास काढायचा होता. कुणाला द्यावा, असं त्यांनी विचारलं. बाईंनी धाकट्या बाईंचं नाव सांगितलं, कारणंही नीट सांगितली, आणि घरी येऊन दिवसभर कुणाशी धड बोलल्या नाहीत.